हेवीवेट लढतीचा अंदाज बांधायचा तरी कसा?

हेवीवेट म्हणजे मुष्टियुद्धातला सर्वांत वजनदार गट. सप्टेंबर २०२२मध्ये मँचेस्टरला ब्रिटनच्या जो जॉयसनं न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करला ११व्या फेरीत आडवं केलं. पुढच्याच वर्षी चीनच्या झांग झिलेईनं या जॉयसला दोनदा हरवलं. पहिल्या वेळी त्याचा डोळा इतका सुजला की लढत थांबवावी लागली, आणि दुसऱ्या वेळी झांगनं त्याला तिसऱ्याच फेरीत झोपवलं. मग मार्च २०२४मध्ये रियाधला पार्कर आणि झांग समोरासमोर आले. पार्कर जॉयसकडून हरलेला, जॉयस झांगकडून हरलेला, तेव्हा झांग पार्करला सहज भारी पडणार असा हिशेब कुणीही मांडला असता. त्या रात्री पार्कर दोनदा खाली पडलासुद्धा. तरीही १२ फेऱ्या संपल्यावर गुणांवर जिंकला तो पार्करच.

मग तिघांत श्रेष्ठ कोण? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. हेवीवेट लढतीचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. ‘अ’नं ‘ब’ला हरवलं, ‘ब’नं ‘क’ला हरवलं, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवणार, ही साखळी वजनकाट्यावर चालते, रिंगमध्ये चालत नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. १९७१मध्ये जो फ्रेझियरनं मुहम्मद अलीला १५ फेऱ्यांनंतर गुणांवर हरवलं. १९७३मध्ये केन नॉर्टननंही अलीला हरवलं. आता जॉर्ज फोरमनकडे पाहा. जानेवारी १९७३मध्ये त्यानं फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून विजेतेपद घेतलं आणि मार्च १९७४मध्ये नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं. ज्या दोघांनी अलीला हरवलं, ते दोघेही फोरमनसमोर टिकले नाहीत. म्हणून ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अली आफ्रिकेतल्या किन्शासात रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याच्या जिवाची काळजी वाटणारे लोक होते. आठव्या फेरीत जमिनीवर पडलेला माणूस मात्र फोरमन होता.

असं का झालं, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. फ्रेझियर खाली वाकून, डोकं हलवत, सरळ अंगावर जाणारा. त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, अलीला लागत होता, कारण अली हात खाली ठेवून मागे झुकत ठोसा चुकवायचा. फोरमनला मात्र अंगावर येणारा माणूस हवाच असायचा. तो दोन्ही हातांनी समोरच्याला ढकलून आपल्याला सोयीच्या अंतरावर उभा करायचा आणि खालून अपरकट मारायचा. फ्रेझियरला पुढे जाण्याशिवाय दुसरी चाल ठाऊक नव्हती, म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच ठोशात शिरत राहिला. अली पुढे आलाच नाही. तो दोरांना टेकून राहिला, फोरमनची मान दाबून धरत राहिला, दंडांवर मार घेत राहिला आणि मधूनच सरळ उजवा ठोसा चेहऱ्यावर मारत राहिला. फोरमननं त्याआधीच्या आठ लढती दोन फेऱ्यांच्या आत संपवल्या होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीत हात जड झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे बराच काळ आलाच नव्हता.

म्हणून एखादी लढत जाहीर झाली की मी आधी ‘जिंकणार कोण’ हे विचारत नाही. ही लढत किती अंतरावरून खेळली जाईल, आणि ते अंतर ठरवणार कोण, हे आधी पाहतो. लांब हातांच्या माणसाला हाताच्या टोकावर लढायचं असतं, आखूड हातांच्या माणसाला छातीला छाती लावून. दोघांपैकी एकालाच मनासारखं अंतर मिळतं. ते मिळवायची साधनं मोजकी आहेत: जॅब, पाय आणि अंगाचा भार. जॅब म्हणजे पुढच्या हातानं सरळ मारलेला ठोसा. तो फार लागत नाही, पण समोरच्याला थांबवतो. कुणाचा जॅब आधी पोचतो आणि कुणाचा पाय आधी जागा घेतो, हे कळलं तर अर्धा अंदाज झाला.

जुन्या लढतींचं चित्रीकरण पाहायचं ते यासाठी. नॉकआउटचे तुकडे पाहून काही कळत नाही, कारण त्यात फक्त शेवट दिसतो. कंटाळवाण्या फेऱ्या पाहाव्यात. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनं १९३६मध्ये हेच केलं. तोवर अपराजित असलेल्या जो लुईसच्या लढती पाहताना त्याच्या लक्षात आलं की जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो आणि जबड्यापर्यंतची वाट क्षणभर उघडी राहते. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये श्मेलिंगनं त्याच वाटेनं उजवा ठोसा पुन्हा पुन्हा मारला आणि १२व्या फेरीत लुईसला बाद केलं. दोन वर्षांनी लुईसनं त्याला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपवलं. तोवर लुईस चूक सुधारून आला होता. परतीच्या लढतीचा अंदाज बांधताना पहिल्या लढतीचा निकाल तसाच उचलून ठेवता येत नाही तो यासाठी. हरलेला काय शिकला आणि जिंकलेला काय विसरला, हे बघावं लागतं.

वजन: हेवीवेटचं वेगळेपण

बाकी सगळ्या वजनगटांना वरची मर्यादा असते, हेवीवेटला नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर गेलेला सर्वसाधारणपणे हेवीवेट. त्यामुळे १०१ किलोंचा माणूस ११९ किलोंच्या माणसासमोर उभा राहू शकतो. १८ मे २०२४ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्यात साधारण एवढाच फरक होता. शिवाय फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन इंच. जिंकला उसिक.

मग वजनाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि बराच आहे, पण तो नुसत्या आकड्यात सापडत नाही. वजनदार माणूस अंगावर टेकतो, मिठी मारतो, आणि तो भार प्रत्येक फेरीत समोरच्याच्या पायातून वसूल होतो. हा भार पेलायचा नसेल तर हलकं अंग सतत हलतं ठेवावं लागतं. उसिक आधी हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाचा निर्विवाद, म्हणजे सगळे पट्टे असलेला, विजेता होता. डावखुरा आहे, आणि १२ फेऱ्या पाय न थांबवता चालू शकतो. त्याच्या अंगावर टेकायला तो जागेवर सापडतच नाही. वजनाचा फायदा हवा असेल तर समोरचा माणूस हाती लागावा लागतो.

मला वाटतं, दोघांच्या वजनातल्या फरकापेक्षा एकाच माणसाच्या दोन लढतींमधल्या वजनाचा फरक जास्त बोलतो. डिसेंबर २०१८मध्ये डिऑन्टे वाइल्डरशी पहिली लढत बरोबरीत सुटली तेव्हा फ्युरी सुमारे ११६ किलोंचा होता. फेब्रुवारी २०२०मध्ये तो सुमारे १२४ किलो भरला आणि आपण नॉकआउटसाठीच जाणार हे आधीच सांगून मोकळा झाला. अनेकांना ती हूल वाटली. पण प्रशिक्षक बदलला होता, वजन वाढवलं होतं, म्हणजे बेत बदलला होता. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कॉर्नरनं, म्हणजे कोपऱ्यातल्या त्याच्या साथीदारांनी, हार मानून टॉवेल टाकला.

याच्या उलट अँडी रुईझ. जून २०१९मध्ये न्यूयॉर्कला त्यानं अँथनी जोशुआला हरवलं तेव्हा तो सुमारे १२२ किलोंचा होता. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात परतीच्या लढतीला सुमारे १२९ किलो. जोशुआ मात्र ११२वरून १०७-१०८ किलोंवर आला होता. एकाचं वजन चढलं ते ढिलाईनं, दुसऱ्याचं उतरलं ते १२ फेऱ्या फिरत राहायच्या तयारीनं. जोशुआ एकतर्फी जिंकला.

आणि एक इशारा. ऑक्टोबर १९८०मध्ये ३८ वर्षांचा अली लॅरी होम्सशी लढायला वजनकाट्यावर चढला तेव्हा तो सडपातळ आणि तरुण दिसत होता. फोरमनशी लढला त्यानंतर इतकं कमी वजन त्याचं कधी भरलंच नव्हतं. पाहणाऱ्यांना आशा वाटली. पण तो थायरॉइडची औषधं घेत होता, आणि त्यांनी अंगातलं बळच काढून घेतलं होतं. १० फेऱ्या तो नुसता मार खात राहिला आणि मग त्याच्या कॉर्नरनं लढत थांबवली. ती लढत पाहणं आजही जिवावर येतं. काट्यावरचा आकडा वजन सांगतो, ते कसं कमावलं किंवा घालवलं हे सांगत नाही.

एका ठोशाचं गणित

हेवीवेटमध्ये अंदाज चुकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एकच ठोसा. त्याला नुसतं नशीब म्हणून सोडून देतात, पण त्याचा हिशेब करता येतो.

समजा, एखाद्या ठोसेबाजाला कोणत्याही एका फेरीत समोरच्याला बाद करण्याची शक्यता फक्त ५ टक्के आहे. ५ टक्के म्हणजे किरकोळच वाटतं. पण समोरच्याला १२ फेऱ्या वाचायचं आहे. पहिल्या फेरीतून तो ९५ टक्के वेळा सुटेल, दुसऱ्या फेरीअखेर ९५चे ९५ टक्के, म्हणजे ९०हून थोडं जास्त. असं १२ वेळा करत गेलात तर शेवटी ५४ टक्के उरतात. म्हणजे प्रत्येक फेरीत किरकोळ वाटणारा धोका पूर्ण लढतीत ४६ टक्क्यांवर जातो. शक्यता ५ ऐवजी ३ टक्के धरली तरी शेवटी ३१ टक्के भरते.

वाइल्डर हा या गणिताचा चालता-बोलता नमुना होता. नोव्हेंबर २०१९मध्ये लुईस ऑर्टिझविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तो तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. सातव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला आणि लढत संपली. त्या रात्रीपर्यंत त्याचे ४२ विजय होते, त्यातले ४१ नॉकआउट. आणखी मागे जायचं तर ५ नोव्हेंबर १९९४ला ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन मायकल मूररविरुद्ध नऊ फेऱ्या मागे पडून दहाव्या फेरीत जिंकला. किन्शासात हरल्याला तेव्हा २० वर्षं झाली होती. पाय गेले होते, वेग गेला होता. ठोशातली ताकद सर्वांत शेवटी जाते, हे तिथं दिसलं.

मात्र नॉकआउटची टक्केवारी डोळे झाकून वापरू नये. ती कुणाविरुद्ध कमावली हे पाहावं. कारकिर्दीच्या सुरुवातीला सगळ्यांनाच सोपे प्रतिस्पर्धी दिले जातात, तो या धंद्याचा भागच आहे. मी पहिले १५-२० विजय बाजूला ठेवतो आणि पहिल्या दहात गणल्या गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं तेवढंच पाहतो. तिथं बहुतेकांची टक्केवारी झरझर उतरते.

दुसरी बाजू आहे ठोसा पचवण्याची. कोण किती वेळा पडला यापेक्षा पडल्यावर त्यानं काय केलं हे महत्त्वाचं. डिसेंबर २०१८मध्ये वाइल्डरच्या ठोशानं फ्युरी १२व्या फेरीत पाठीवर पडला, उठला आणि त्याच फेरीत उलटे ठोसे मारू लागला. तसंच हार कशी झाली हेही बघावं. नोव्हेंबर २०२०मध्ये डॅनियल दुबॉयनं जॉयससमोर गुडघा टेकला आणि उठला नाही, तेव्हा त्याला कच्च्या काळजाचा ठरवण्यात आलं. नंतर कळलं की त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. जे त्या एका हारीवरून त्याचा निकाल लावून बसले होते, त्यांनी सप्टेंबर २०२४मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याला पाचव्या फेरीत जोशुआला बाद करताना पाहिलं.

पंचांचा कागद

लढत १२ फेऱ्या चालली तर निकाल रिंगच्या कडेला बसलेल्या तीन पंचांकडे जातो. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ गुण. खाली पडलात तर सहसा ८. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची: फेरी केसाच्या फरकानं जिंका की समोरच्याला तीन मिनिटं बदडून जिंका, कागदावर बहुधा १०-९ असंच उमटतं. म्हणून एकूण ठोशांची संख्या आणि निकाल यांचा मेळ बसेलच असं नाही. १३ मार्च १९९९ला न्यूयॉर्कमध्ये लेनक्स लुईसचे ३४८ ठोसे लागल्याची नोंद झाली आणि इव्हँडर होलिफील्डचे १३०. निकाल बरोबरीचा आला. त्या निर्णयाबद्दल झालेली ओरड रास्तच होती, पण अंदाज बांधणाऱ्यानं असा निर्णयही शक्यतेत धरायला हवा.

उसिक-फ्युरीची पहिली लढत पाहा. दोन पंचांनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ असं विजयी दिलं, तिसऱ्यानं फ्युरीला ११४-११३. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर झोकांड्या खात असताना रेफरीनं तो पडला असं धरून अंक मोजले, म्हणून त्या फेरीत त्याचा एक गुण जास्त गेला. तो एक गुण परत देऊन बेरीज करा: ११५-११३, ११४-११४ आणि ११३-११५. एक पंच इकडे, एक तिकडे, एक मध्ये, म्हणजे लढत बरोबरीत. १९९९नंतर पहिला निर्विवाद हेवीवेट विजेता मिळाला तो त्या काही सेकंदांच्या मोजणीमुळे.

तयारी, जी रिंगबाहेर होते

सशाच्या शिकारीला जातानाही वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी म्हणतात. लेनक्स लुईसनं एप्रिल २००१मध्ये ती ठेवली नाही. हसीम रहमानविरुद्धची लढत दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपनला होती, जोहान्सबर्गजवळ, उंच पठारावर, जिथं हवा विरळ. रहमान बराच आधी जाऊन त्या हवेला सरावला. लुईस एका चित्रपटाच्या चित्रीकरणात होता आणि उशिरा पोचला. पाचव्या फेरीत तो बाद झाला. सात महिन्यांनी नीट तयारी करून आला तेव्हा त्यानं रहमानला चौथ्या फेरीत झोपवलं. दोन्ही लढतींतली माणसं तीच, कौशल्य तेच, बदलली ती फक्त मधली सात महिन्यांची दिनचर्या.

म्हणून बातम्यांमधून काही गोष्टी वेचाव्यात: प्रशिक्षक बदलला का, लढत आधी पुढे ढकलली गेली होती का, शेवटची लढत होऊन किती काळ झाला, प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलला का. रुईझ हा जोशुआसाठी ऐनवेळी आलेला बदली प्रतिस्पर्धी होता. आधीचा उत्तेजक चाचणीत सापडला होता. एका प्रकारच्या माणसासाठी महिनोन्‌महिने तयारी करायची आणि समोर यावा भलताच, आखूड हातांचा पण विजेसारखे हात चालवणारा. जोशुआनं त्याला तिसऱ्या फेरीत पाडलं, आणि संपवायला धावत गेला तो नेमका रुईझच्या अंतरात. पत्रकार परिषदेतली धक्काबुक्की, एकमेकांना दिलेल्या शिव्या यांतून मात्र काहीही हाती लागत नाही. तो वेळ चित्रीकरण पाहण्यात घालवावा.

आता आकडा

इतकं झाल्यावर अंदाज आकड्यात मांडता येतो. एक कल्पित लढत घेऊ. पहिल्या खेळाडूला आपण तंत्रकार म्हणू, दुसऱ्याला ठोसेबाज. आपल्या मते तंत्रकार कोणतीही एक फेरी जिंकण्याची शक्यता ६० टक्के. एका फेरीत तो समोरच्याला बाद करण्याची शक्यता ४ टक्के, ठोसेबाज त्याला बाद करण्याची ३ टक्के. तंत्रकार सगळ्याच बाबतीत सरस आहे, म्हणजे तो सहज जिंकायला हवा ना?

हिशेब करू. दर फेरीला लढत थांबण्याची शक्यता ७ टक्के, त्यामुळे पूर्ण १२ फेऱ्या होण्याची शक्यता ४२ टक्के. उरलेल्या ५८ टक्क्यांपैकी सुमारे ३३ टक्के तंत्रकाराच्या नॉकआउटचे, २५ टक्के ठोसेबाजाच्या. लढत पंचांकडे गेली तर? दर फेरीला ६० टक्के शक्यता असणारा माणूस १२ पैकी ७ किंवा जास्त फेऱ्या जिंकेल अशी शक्यता सुमारे ६७ टक्के, फेऱ्या ६-६ अशा वाटल्या जाण्याची १८ टक्के आणि मागे पडण्याची १६ टक्के. सगळं एकत्र केलं की तंत्रकार सुमारे ६१ टक्के, ठोसेबाज ३२ टक्के आणि उरलेली बरोबरी. प्रत्यक्षात पंच तीन असतात आणि ठोसा खाऊन पडल्यावर गुण जातात, म्हणून बरोबरी याहून कमी होते, पण चित्र बदलत नाही. सगळ्याच बाबतीत सरस असलेला माणूस अशा तीन लढतींपैकी जवळजवळ एक हरतो. हेवीवेट लढतीबद्दल कुणी ‘९५ टक्के खात्री’ म्हणालं की मला त्याचा हिशेब बघायचा असतो.

सट्टेबाजांचे भाव हासुद्धा एक अंदाजच असतो आणि माहिती म्हणून तो वाचायला शिकावं. ‘एकाला तीन’ असा भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर वर तीन मिळणार, याचा अर्थ चारांत एक, २५ टक्के शक्यता. समोरच्याचा भाव ‘चाराला एक’ असेल तर पाचांत चार, ८० टक्के. दोन्हींची बेरीज १०५ होते. वरचे ५ ही सट्टेबाजाची कमाई. ती काढली की खरा अंदाज ७६ आणि २४ असा उरतो. त्यात आणखी एक मेख असते: लोकप्रिय नावावर लोक भरभरून पैसे लावतात आणि त्या नावाचा भाव खऱ्या शक्यतेपेक्षा घट्ट होतो. भाव वाचावेत ते आपला आकडा तपासण्यासाठी. आपला ६१ आणि बाजाराचा ७६ असेल तर मधल्या १५ टक्क्यांचं कारण शोधावं. बहुतेक वेळा बाजाराला आपल्यापेक्षा काही जास्त ठाऊक असतं. कधीकधी नसतं.

आणि आकडा लढतीआधी लिहून ठेवावा. लढत झाल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं प्रत्येकालाच वाटतं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्ये हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी एक साधी रीत मांडली, ती इथंही लागू पडते. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि तो जिंकला, तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हरला, तर ०.७चा वर्ग ०.४९. सगळ्या लढतींची सरासरी काढा, ती जितकी कमी तितका अंदाज चांगला. दर वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त आली तर तुमचं ज्ञान नुकसानच करतंय. ९५ टक्के म्हणून चुकणाऱ्याला एका लढतीत ०.९० भरावे लागतात, आणि ती खोट भरून निघायला पुढच्या कितीतरी लढती जातात.

घंटा वाजली म्हणून अंदाज बंद होत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत आपण जे अंतर, जो जॅब, जे पाय कल्पिले होते ते दिसतात की नाही हे पाहून आकडा हलवायचा असतो. ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत हे करायची फार मोठी संधी होती. माइक टायसन ३७ लढतींत अपराजित, ३३ नॉकआउट. बस्टर डगलसचा भाव लास व्हेगासमध्ये एकाला ४२, म्हणजे जेमतेम २.३ टक्के. डगलसची आई २३ दिवसांपूर्वीच वारली होती. पण पहिल्या फेरीपासून त्याचा लांब जॅब टायसनच्या चेहऱ्यावर पोचत होता, हातांची पोच टायसनहून १२ इंच जास्त होती, आणि टायसन आत शिरला की डगलस त्याला आवळून धरत होता. अंतर कोण ठरवतंय हे तिसऱ्या फेरीपर्यंत उघड दिसत होतं. आठव्या फेरीच्या अखेरीस टायसनच्या अपरकटनं डगलस पडला, उठला, आणि नवव्या फेरीत पुन्हा तोच पुढे. दहाव्या फेरीत टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. चार पायांवर रांगत तो आपला तोंडातून पडलेला दातरक्षक शोधत होता तेव्हा रेफरीनं मोजणी पूर्ण केली.

नंतर पंचांचे कागद पाहिले गेले. नऊ फेऱ्यांअखेर एकाकडे डगलस ८८-८२ असा पुढे होता. दुसऱ्याकडे ८६-८६ बरोबरी होती. तिसऱ्याकडे टायसन एका गुणानं पुढे होता.